वीज गेली की रास्पबेरी पायचं घड्याळ मागे पडतं: बॅकअप सेल लावताना आलेल्या अडचणी आणि त्यावरचे उपाय

निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत मी एका डब्यात रास्पबेरी पाय ३ हा एका बोर्डाचा छोटा संगणक बसवला आहे. दर पाच मिनिटांनी तो तीन गोष्टी लिहून ठेवतो: हवेचं तापमान, आर्द्रता आणि पान ओलं आहे की कोरडं. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा धोका किती, फवारा आजच घ्यायचा की उद्यावर ढकलायचा, हे पान किती तास ओलं राहिलं यावर ठरतं. म्हणजे या नोंदींत वेळेलाच सगळ्यात जास्त किंमत आहे, आणि नेमकी तीच चुकत होती.

चूक पकडली ती आण्णांनी. नोव्हेंबरातल्या एका दिवसाचा आलेख मी त्यांना मोबाईलवर दाखवत होते. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, रात्री पावणेदहाला सगळ्यात गार, आणि पहाटे साडेपाचला एकोणतीस अंश? पहाटे काय ऊन पडलं होतं?"

मला वाटलं सेन्सर गेला. नवा सेन्सर लावला. चार दिवस सगळं नीट चाललं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग मात्र आलेख बाजूला ठेवून नोंदींची मूळ फाईल उघडली आणि एकेक ओळ वाचली. त्यात हे दिसलं: २१:५५, २२:००, २२:०५, आणि त्याखालची ओळ २१:१८. त्यापुढे २१:२३, २१:२८. म्हणजे घड्याळ पाऊण तास मागे गेलं आणि तिथून पुन्हा पुढे चालू लागलं. त्या रात्री दहाच्या सुमारास वीज गेली होती आणि सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आली होती. मधले आठ तास त्या डब्याच्या लेखी झालेच नव्हते.

मग महिनाभरातले असे सगळे तुटलेले सांधे शोधून काढले. दर वेळी वीज आल्यावरची पहिली नोंद कुठल्या ना कुठल्या तासाच्या १७ किंवा १८ मिनिटांची होती. ०३:१७, १४:१८, २१:१८. वीज गावात कधीही येते, पण घड्याळ मात्र दर वेळी सतरा मिनिटांवरूनच सुरू व्हायचं. हा योगायोग असूच शकत नव्हता.

सतरा मिनिटं कुठून आली

भिंतीवरच्या घड्याळात सेल असतो. घरातल्या साध्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरही रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो. वीज नसताना त्या सेलवर घड्याळाची छोटी चिप चालू राहते. पाय ४ पर्यंतच्या नेहमीच्या रास्पबेरी पाय बोर्डांवर अशी चिपही नाही आणि सेलही नाही. किंमत कमी ठेवायची म्हणून पहिल्या बोर्डापासून, म्हणजे २०१२ पासून, ती गाळलेली आहे. इंटरनेट मिळालं की तो वेळ विचारून घेतो आणि मग सगळं बरोबर चालतं. इंटरनेट नसेल तर त्याला वेळ माहीत असण्याचा काही मार्गच नसतो.

मग तो १९७० सालात का जात नाही? कारण रास्पबेरी पायच्या सिस्टीममध्ये फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. तो दर तासाला चालू वेळ मेमरी कार्डावर एका फाईलमध्ये लिहून ठेवतो. बोर्ड नीट बंद केला तर बंद होतानाही लिहितो. पुढच्या वेळी सुरू होताना तीच वेळ उचलतो. ही सिस्टीम डेबियन नावाच्या लिनक्सवर बेतलेली आहे. दर तासाला करायची कामं डेबियनमध्ये त्या तासाच्या सतराव्या मिनिटाला होतात, तशी वेळच तिथल्या क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, मूळ फाईलमध्ये लिहिलेली आहे. माझ्या कार्डावर २०२१ सालची बुल्सआय आवृत्ती होती, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळला: वीज २२:०५ नंतर गेली, शेवटची जपलेली वेळ २१:१७, सुरू झाल्यावर तिथूनच पुढे.

हे कळलं आणि माझी शोधायची पद्धतच बदलली. घड्याळ चुकलं एवढ्यावर थांबू नका. ते किती चुकलं, कुठल्या बाजूला चुकलं आणि कधीपासून चुकलं हे कागदावर लिहा. दोष कुठे आहे ते त्या आकड्यातच असतं. पुढे मला आणखी तीन अडचणी आल्या आणि तिन्ही वेळा आकड्यानंच वाट दाखवली.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे माझे दोन आठवडे गेले. डबा घरी आणला की बरा व्हायचा. घरात वायफाय आहे, त्यामुळे चालू केल्यावर मिनिटाभरात वेळ बरोबर. बागेत नेला की पुन्हा आजारी. घड्याळाचा दोष तपासताना आधी वायफाय बंद करा आणि लॅनची वायर काढा. इंटरनेट असेल तर दोष झाकला जातो, जात नाही.

कुठली चिप घ्यायची

उपाय एकच, घड्याळाची चिप आणि सेल बाहेरून जोडायचा. अशा चिपांची बाजारात दोन नावं सतत दिसतात, डीएस१३०७ आणि डीएस३२३१. पहिली थोडी स्वस्त असते. तरी घेऊ नका. तिला पाच व्होल्टचा पुरवठा लागतो आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. शिवाय तिच्यासोबत बाहेरून लावलेला साधा क्रिस्टल असतो. हे घड्याळाचे क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतात. एकापासून सुरू करून पंधरा वेळा दुप्पट केलं की ही संख्या येते, म्हणून ती पंधरा वेळा अर्धी केली की बरोबर एक सेकंद हाती लागतो. पण हा क्रिस्टल पंचवीस अंशांच्या आसपास खरा चालतो. त्याहून गार झालं तरी मागे पडतो आणि तापलं तरी मागेच पडतो, आणि फरक वाढेल तसा वर्गाच्या पटीने पडतो. निफाडला हिवाळ्यात पारा पाचाच्या खाली जातो आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बेचाळीस होतो. पाच अंशांना दिवसाकाठी सेकंदभराहून जास्त फरक पडतो, बेचाळीसला जवळजवळ सेकंदभर. वर्षभर बागेत राहणाऱ्या डब्यासाठी हा क्रिस्टल योग्य नाही.

डीएस३२३१ मध्ये क्रिस्टल चिपच्या पोटातच असतो. चिप स्वतःचं तापमान मोजते आणि त्याप्रमाणे क्रिस्टलला सावरून घेते. शून्य ते चाळीस अंशांत तिची चूक दहा लाखांत दोन भागांपर्यंत, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. शेतीच्या कामाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. चिपवर नावाच्या शेवटी 'एम' असेल तर आत क्रिस्टलऐवजी वेगळ्या जातीचा ऑसिलेटर असतो आणि चूक दहा लाखांत पाच भागांपर्यंत जाते, वर्षाला अडीच मिनिटांच्या वर. तीही चालते, पण घेताना माहीत असावं.

वायरी आणि माझी मोठी चूक

मी निळ्या रंगाचं ते सगळीकडे मिळणारं मॉड्यूल घेतलं. एका बाजूला डीएस३२३१, शेजारी आठ पायांची छोटी मेमरी चिप, आणि मागच्या बाजूला गोल सेलचं घर. चार वायरी जोडायच्या: पुरवठा, जमीन (ग्राउंड), आणि चिपशी बोलायच्या दोन, एसडीए (माहितीची) आणि एससीएल (ठोक्यांची). रास्पबेरी पायवर एसडीए म्हणजे तिसरी पिन, एससीएल म्हणजे पाचवी आणि जमीन सहावी. पुरवठ्याची वायर मी दुसऱ्या पिनेला लावली, म्हणजे पाच व्होल्टला. पहिल्या पिनेला ३.३ व्होल्ट असतात, तिथे लावायला हवी होती.

चाललं सगळं. म्हणूनच चूक लक्षात आली नाही. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ऐन काढणीत, नोंदींमध्ये एकदम २००० सालची एक जानेवारी दिसली.

सेल काढला. सीआर२०३२, नवा घातलेला. टेबलाच्या काचेवर ठेवला तर सपाट बसेना, बोटानं कडेला दाबलं की डुलायचा. पोट किंचित फुगलेलं होतं. मल्टीमीटरवर १.९ व्होल्ट. नवा असताना तोच ३.२ दाखवत होता.

कारण मॉड्यूलवरच छापलेलं आहे, फक्त पाहायला हवं. पुरवठ्याच्या पिनेपासून सेलच्या धन टोकाकडे एक डायोड आणि '२०१' असं लिहिलेला एक रोधक जातो. २०१ म्हणजे दोनशे ओहम. ही चार्ज करायची वाट आहे. मॉड्यूल बनवणाऱ्यानं एलआयआर२०३२ हा पुन्हा चार्ज होणारा सेल डोळ्यांसमोर ठेवून ती दिली आहे. आपण मात्र किराणा दुकानात मिळणारा सीआर२०३२ घालतो आणि तो चार्ज करायचा नसतोच. पाच व्होल्टमधून डायोडचे सहा दशांश गेले, राहिले ४.४. सेल तीनचा. उरलेले १.४ व्होल्ट दोनशे ओहमवर, म्हणजे सात मिलिॲम्पिअर, वीज असेल तेवढा वेळ त्या बिचाऱ्या सेलमध्ये घुसत होते. तीन महिने. फुटला नाही हे नशीब. चार्ज होणारा एलआयआर घातला असता तरी ४.४ व्होल्ट त्यालाही जास्तच, त्याची मर्यादा ४.२ ची.

म्हणून दोन कामं करा, आणि दोन्ही करा.

पहिलं, पुरवठा ३.३ व्होल्टवरच, म्हणजे पहिल्या पिनेवर. इथे सेलखेरीज दुसरंही कारण आहे. मॉड्यूलवर एसडीए आणि एससीएल या दोन्ही रेषा ४.७ किलोओहमनं पुरवठ्याकडे ओढून धरलेल्या असतात. पुरवठा पाचचा असेल तर ओढही पाचकडे, आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ च्या वर सोसायला बनवलेल्या नाहीत. माझा बोर्ड वाचला तो त्याच्या स्वतःच्या १.८ किलोओहमच्या रोधकांमुळे. ते त्याच रेषा ३.३ कडे जास्त जोरानं ओढतात. दोन्ही ओढींचा हिशेब मांडला तर रेषेवर पावणेचार व्होल्टच्या आसपास येतात. चाललं, पण ते बरोबर नव्हतं.

दुसरं, तो २०१ चा रोधक काढून टाका. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं दोन्ही टोकं आळीपाळीनं तापवली की चिमट्यात येतो. आयर्न नसेल तर टोकदार कटरनं रोधकाचं अंग मधोमध चिरडलं तरी काम होतं, फक्त शेजारच्या वाटा ओरखडू देऊ नका. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवून बघा, वाट तुटली असली पाहिजे. ३.३ व्होल्टवर डायोडनंतर पावणेतीनच्या आसपासच उरतात, त्यामुळे चांगल्या सेलला तसा त्रास होत नाही. पण सेल म्हातारा होऊन त्याखाली आला की पुन्हा चार्ज सुरू होतो. म्हणून काढलेलाच बरा.

हे झालं की साधा सीआर२०३२ निर्धास्त वापरा. सेलवर असताना ही चिप साधारण एक मायक्रोॲम्पिअरच्या आतबाहेर घेते, फार तर तीन. सेलमध्ये दोनशेवीस मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास साठा असतो. तीन धरून हिशेब केला तरी आठ वर्षं निघतात. कुणी म्हणालं की सेल दर सहा महिन्यांनी बदलावा लागतो, तर तिथे नक्की दुसरा काहीतरी दोष आहे. सेल बदलत बसू नका, तो दोष शोधा.

सॉफ्टवेअरमधल्या जागा

आधी रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये जाऊन आय२सी, म्हणजे एसडीए-एससीएलवरून चिपशी बोलायची पद्धत, चालू करा. मग आय२सी-टूल्स हे पॅकेज टाकून आय२सीडिटेक्ट चालवा, एक नंबरच्या बसवर. पडद्यावर रेघांची जाळी येते आणि तीत ६८ हा आकडा दिसायला हवा. तो घड्याळाचा पत्ता. निळ्या मॉड्यूलवर ५७ सुद्धा दिसतो, तो मेमरी चिपचा, त्याकडे दुर्लक्ष करा. ५७ दिसतो आणि ६८ नाही, तर वायरी ठीक आहेत आणि घड्याळाच्या चिपचंच काही बिनसलं आहे. दोन्ही दिसत नाहीत, तर बहुतेक वेळा एसडीए आणि एससीएल उलटे लागलेले असतात किंवा जंपर, म्हणजे टोचून लावायची वायर, सैल असते.

पुढची पायरी कॉन्फिग डॉट टीएक्सटी या फाईलची. शेवटी ही ओळ घाला, मध्ये कुठेही जागा सोडू नका:

डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१

सगळी अक्षरं अर्थातच इंग्रजी, लहान लिपीत. २०२३ मधल्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाईल बूट फोल्डरच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी भलतीच फाईल बनवून त्यात ओळ लिहिली तर काहीच होत नाही आणि कुठे चूक आहे तेही कळत नाही. आमच्या पलीकडच्या मळ्यातल्या एकाचा संध्याकाळभराचा वेळ यातच गेला.

बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर आय२सीडिटेक्टच्या जाळीत ६८ च्या जागी 'यूयू' दिसलं पाहिजे. अनेकजण इथे घाबरतात की चिप गेली. उलट ही चांगली खूण आहे. कर्नलनं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यानं, चिप ताब्यात घेतली म्हणून पत्ता झाकला गेला. डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, पाहिलेत तर तिथे डीएस१३०७ असं नाव दिसेल. त्यानंही गोंधळू नका. या घराण्यातल्या बऱ्याच चिपांना एकच ड्रायव्हर चालवतो आणि त्याचं नाव डीएस१३०७ आहे. तुमची चिप बदलून आलेली नाही.

आता फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका, पॅकेजसकट. खरं घड्याळ आल्यावर खोट्याचं काम उरत नाही, आणि राहिलं तर सुरुवातीच्या काही सेकंदांत जुनी वेळ लागते. नेमकी त्याच सेकंदांत तुमची नोंदींची स्क्रिप्ट सुरू होत असेल तर पहिल्या ओळी चुकतात. माझ्या झाल्या. जुन्या आवृत्त्यांत यूडेव्ह फोल्डरातली एचडब्ल्यूक्लॉक-सेट ही फाईलही उघडावी लागते. तिच्या सुरुवातीला तीन ओळी आहेत ज्यांचा अर्थ असा की सिस्टमडी (बोर्ड सुरू होताना बाकीचे प्रोग्राम चालू करणारा प्रोग्राम) चालू असेल तर काहीही न करता बाहेर पडा. सिस्टमडी तर नेहमीच चालू असतो. म्हणजे घड्याळ वाचायची आज्ञा कधीच पूर्ण होत नाही. त्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह घालून त्या गप्प करा.

शेवटी वेळ चिपमध्ये लिहायची, आणि इथे क्रम महत्त्वाचा. आधी इंटरनेटला जोडा, मोबाईलशी वेळ ताडून पाहा, तारीख आणि सालही पाहा. मगच एचडब्ल्यूक्लॉक डब्ल्यू पर्यायानं चालवा. चुकलेल्या वेळी ही आज्ञा दिली तर चिप ती चुकीची वेळ वर्षानुवर्षं इमानदारीनं सांभाळेल. लिहिल्यावर आर पर्यायानं वाचून खात्री करा.

साडेपाच तासांचा फरक

मार्चमध्ये दुसरा सेल घातला, रोधक काढला, पुरवठा ३.३ वर आणला. दुसऱ्या दिवशी घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे. ना मिनिट कमी, ना मिनिट जास्त. असा आकडा दिसला की सेल आणि वायरी यांना हात लावू नका. साडेपाच तास म्हणजे भारतीय प्रमाणवेळ आणि जागतिक वेळ यांतलं अंतर, दुसरं काही असूच शकत नाही. मी चिपमध्ये हातानं भारतीय वेळ लिहिली होती. सिस्टीमनं ती जागतिक वेळ समजून तीत आणखी साडेपाच मिळवले. चिपमध्ये कायम जागतिक वेळच ठेवा. सिस्टीमचा विभाग एशिया-कोलकाता ठेवा. टाइमडेटसीटीएल चालवलं की तीन वेळा एकाखाली एक दिसतात: स्थानिक, जागतिक आणि चिपमधली. चिपमधली वेळ जागतिक वेळेशी जुळली पाहिजे, स्थानिक वेळेशी नाही. हे दुबईतल्या किंवा लंडनमधल्या आपल्या माणसांनाही तसंच लागू, फक्त फरकाचा आकडा तिथला.

रीबूट म्हणजे चाचणी नव्हे

हे ठळक सांगते, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. सगळं जोडलं, रीबूट केलं, वेळ बरोबर आली, डब्याचं झाकण लावलं. पण रीबूटमध्ये पुरवठा तुटत नाही, ३.३ व्होल्टची पिन चालूच असते. सेल नसला तरी चिप चालत राहते. ही चाचणी सेलची होतच नाही.

खरी चाचणी अशी: बोर्ड नीट बंद करा, वीजपुरवठ्याची वायर ओढून काढा, रात्रभर तसाच ठेवा. सकाळी वायफाय आणि लॅन बंद ठेवून सुरू करा आणि मोबाईलशी ताडा. एक-दोन सेकंदांचा फरक ठीक. सन २००० दिसला, तर चिप मध्ये बंद पडली होती. ती पुन्हा चालू होते तेव्हा तिथूनच मोजायला लागते, आणि डीमेसेजमध्ये ड्रायव्हर 'सेट टाइम' असा इशाराही देतो. मग सेलकडे बघा: उलटा बसला आहे का, पट्टीला टेकतो आहे का, व्होल्ट किती. चिपला सेलवर चालायला किमान २.३ व्होल्ट लागतात. आणि १९७० दिसलं किंवा घड्याळ जुन्याच कुठल्यातरी वेळेवरून सुरू झालं, तर सेल बहुधा ठीक आहे, सिस्टीमच चिपला विचारत नाही. कॉन्फिग फाईलमधली डीटीओव्हरलेची ओळ आणि एचडब्ल्यूक्लॉक-सेट पुन्हा तपासा.

एक दोष बागायतदारांसाठी खास. माझा डबा औषधांच्या खोलीत होता, शेजारी गंधकाची पोती. पावसाळ्यात पुन्हा दोनदा २००० साल दिसलं. सेल बाहेर काढून मोजला तर ठणठणीत, तीनच्या वर. पण सेलच्या घरातली पट्टी काळी पडली होती, पितळी चमक पार गेलेली. गंधक आणि दमट हवा मिळून तांब्याच्या मिश्रधातूंवर असा काळा थर चढवतात आणि त्या थरातून मायक्रोॲम्पिअरही धड जात नाही. खोडरबरानं घासून पट्टी साफ केली, जंपर काढून चारही वायरी सोल्डर केल्या आणि डबा पंपाच्या खोलीत हलवला. तेव्हापासून एकदाही बंद पडलेलं नाही. सेलवर बसवल्याची तारीख लिहायची सवयही तेव्हाच लागली.

ज्यांच्याकडे पाय ५ आहे

त्यांनी मॉड्यूल घ्यायची घाई करू नये. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या या बोर्डावर घड्याळ आधीपासून आहे, फक्त सेल नाही. यूएसबी-सी सॉकेटच्या शेजारी दोन पिनांचं छोटं कनेक्टर आहे, जे५ नावाचं, तिथे सेल लागतो. पण यावरचं घड्याळ वेगळ्या मॉड्यूलपेक्षा जास्त करंट खातं, म्हणून सीआर२०३२ तिथे लवकर संपतो. त्यासाठी पुन्हा चार्ज होणारा एमएल२०२० हा सेल मिळतो. चार्ज करणं मुळात बंद असतं. ते कॉन्फिग फाईलमध्ये चालू करावं लागतं, तीन व्होल्टवर. ही ओळ न घातल्यानं काही महिन्यांनी सेल रिकामा होतो आणि लोक सेलला दोष देतात. चार्ज चालू असताना तिथे सीआर२०३२ मात्र कधीही लावू नका. माझ्या फुगलेल्या सेलची गोष्ट वर सांगितलीच आहे.

पाय ५ वर डीएस३२३१ लावलंच, तर ते दुसऱ्या क्रमांकाचं घड्याळ म्हणून नोंदवलं जातं. पहिल्या क्रमांकावर बोर्डचं स्वतःचं, सेल नसलेलं घड्याळ. सिस्टीम वेळ विचारते ती पहिल्याला. दोन घड्याळं असून वेळ चुकते, ती या क्रमांकामुळे.

जुन्या नोंदींचं काय केलं

नोव्हेंबरच्या नोंदी टाकून द्यायला जीव होईना, कारण त्या वर्षी डाऊनी नेमका तेव्हाच आला होता. सुटका आण्णांच्या मोबाईलनं केली. ते बागेत गेले की कधीतरी हॉटस्पॉट चालू करायचे, डबा त्याला जोडला जायचा आणि घड्याळ एका उडीत खऱ्या वेळेवर यायचं. त्या दिवशीच्या फाईलमध्ये ०६:४८ च्या खाली १५:४६ होते. मधली नेहमीची पाच मिनिटं वगळली तर उडी आठ तास त्रेपन्न मिनिटांची. जपलेली वेळ २१:१७, वीज आली ०६:१०, अंतर तेवढंच. दोन उड्यांमध्ये वीज एकदाच गेली असेल, तर सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक ओळीत तेवढे तास-मिनिटं मिळवली की खरी वेळ परत मिळते. दोनदा किंवा जास्त वेळा गेली असेल, तर एकूण फरक कळतो पण त्याची वाटणी कळत नाही. ते दिवस मी वेगळ्या फाईलमध्ये काढून ठेवले आणि आलेखात घेतले नाहीत.

आता स्क्रिप्ट प्रत्येक ओळीत तारीख-वेळेच्या शेजारी आणखी दोन आकडे लिहिते: बोर्ड कितव्यांदा सुरू झाला, आणि सुरू होऊन किती सेकंद झाले. घड्याळ पुन्हा कधी चुकलंच, तर या दोन आकड्यांवरून ओळींचा खरा क्रम लागतो. नोव्हेंबरची ती रात्र दुरुस्त करून आलेख पुन्हा काढला तेव्हा सगळ्यात गार वेळ सकाळी साडेसहाच्या पुढे सरकली, पान कोरडं व्हायची वेळ नऊच्या सुमाराला आली, आणि आण्णांनी तो छापून घेऊन औषधांच्या वहीत लावला.